हिरवा दिसला म्हणजे पाचूच असतो का? नागपूरच्या दगडांची गोष्ट

मंडळी, आजची पोस्ट जरा लांबली आहे. पण विषय तुमच्या बोटातल्या अंगठीचा आहे आणि आपल्या शहराच्या पायाखालच्या दगडाचाही, म्हणून सवडीने वाचा.

सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी आपण रोज पाहतो. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला इथे अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली, हे शाळेत शिकतो. टेकडीचा दगड मात्र कुणी शिकवत नाही. तो काळा दगड म्हणजे बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मुंबई-पुण्यापासून पसरत आलेल्या दख्खनच्या लाव्हाची पूर्वेकडची कड आपल्या नागपुरातून जाते. पश्चिमेला काटोल-कळमेश्वरकडे गेलात की काळा दगड, पूर्वेला भंडाऱ्याकडे गेलात की त्याहून कितीतरी जुने खडक. आपलं शहर या दोन जगांच्या शिवेवर बसलंय.

बेसाल्ट ज्या खनिजांचा बनतो, त्यांत एक असतं ऑलिव्हिन. मॅग्नेशियम, लोखंड, सिलिकॉन आणि ऑक्सिजन, एवढाच त्याचा मालमसाला. हेच ऑलिव्हिन जेव्हा स्वच्छ, पारदर्शक आणि पैलू पाडण्याएवढं मोठं मिळतं, तेव्हा त्याला पेरिडॉट म्हणतात. जुन्या बाजारातलं नाव जबरजद. पोपटी हिरवा, किंचित पिवळसर, आतून तेलाचा हात फिरवल्यासारखी झाक असलेला खडा.

मग बर्डीची टेकडी खणली की पेरिडॉट निघेल का? नाही, बाप्पा! आपल्याकडच्या लाव्हात ऑलिव्हिन मुळात कमी, आणि जे होतं त्याचे दाणे बारीक. कोट्यवधी वर्षांच्या पाण्या-हवेने त्यातल्या बऱ्याच दाण्यांची माती-गेरू होऊन गेली. ऑलिव्हिन लवकर कुजतं. दागिन्यालायक ऑलिव्हिन तयार होतं ते जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल, पृथ्वीच्या कवचाच्याही खालच्या थरात. तिथला वरचा थर तर निम्म्याहून जास्त ऑलिव्हिनचाच आहे. एखादा लाव्हा घाईने वर येताना तिथले तुकडे ओढून आणतो, तेव्हा ते आपल्याला दिसतात. आपल्या देशात कच्छच्या काही जुन्या ज्वालामुखींनी असे हिरवे तुकडे वर आणलेत. नागपूरच्या लाव्हात ते नाहीत.

तरीही हिरव्या खड्याच्या गोष्टीत नागपूर आहे. त्यासाठी १८५३ सालात जावं लागेल.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले. औरस वारस नव्हता. डलहौसीने दत्तक नाकारून १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. पुढे वाड्यातल्या चीजवस्तूंवर हात पडला. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात मातीमोल गेले. जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन तिथल्या हॅमिल्टन आणि कंपनी या पेढीमार्फत विकायला काढलं. वृद्ध बाकाबाई राणीसाहेबांनी, सामान हलवलं तर वाडाच पेटवून देईन, असा इशारा दिला होता. हे सगळं जॉन के या इंग्रज इतिहासकारानेच लिहून ठेवलंय.

त्या जवाहिराचं पुढे काय झालं असेल याचा विचार करा. खडा कोंदणातून काढला की त्याचा मालक कोण होता हे तो सांगत नाही. नवे पैलू पाडले की त्याचं रूप आणि वजनही बदलतं. एप्रिल २०२५ मध्ये पहिल्या रघूजी राजांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली. राज्य सरकारने सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती आणली. ती ओळखता का आली? कारण पात्यावर देवनागरीत नाव होतं. खड्यावर नाव नसतं. त्याचं नाव माणसाच्या जिभेवर आणि कागदावर असतं, आणि ते चुकलं की सगळंच चुकतं.

याच वर्षांत नागपुरात दुसरा एक माणूस दगड गोळा करत हिंडत होता. स्टीफन हिस्लॉप. ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आपल्याकडे १८८३ पासून आहे, तेच. १८४५ मध्ये स्कॉटलंडहून मिशनरी म्हणून आले, मराठी शिकले, शाळा काढली. फावल्या वेळात हातोडी घेऊन टेकड्या, विहिरी, नाले पालथे घातले. सोबतीला रॉबर्ट हंटर नावाचे सहकारी मिशनरी. १८५५ मध्ये या दोघांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा मोठा लेख लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. दोन लाव्हा थरांच्या मध्ये सापडणाऱ्या तळ्याकाठच्या शिंपल्या, वनस्पती, किड्यांचे अवशेष, हे सगळं त्यात आहे.

तेव्हाच्या नागपूरच्या वायव्येला टाकळी नावाचं गाव होतं, आता ते शहरातच मिसळलंय. तिथल्या दगडात गवतासारखं हिरवंगार एक खनिज मिळालं. आयर्लंडचे सॅम्युएल हॉटन यांनी त्याचं पृथक्करण केलं आणि १८५९ मध्ये नाव दिलं हिस्लोपाइट. नागपूरच्याच दुसऱ्या एका मातकट खनिजाला हंटरांवरून हंटराइट म्हटलं. जगाच्या खनिजशास्त्राच्या जुन्या कोशांत हिस्लोपाइटच्या पुढे आजही आपल्या टाकळीचं नाव सापडतं.

या हिस्लोपाइटचं गुपित मजेशीर आहे. मुळात ते कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं साधं पांढरं खनिज. त्याचा हिरवेपणा उसना आहे. ग्लॉकोनाइटसारखं एक हिरवं लोहयुक्त खनिज त्याच्या अंगात मिसळलेलं असतं. हॉटन यांनी रंग पाहून नाव ठरवलं नाही, आत काय आहे ते मोजलं आणि मग ठरवलं.

इथूनच माझा मुद्दा सुरू होतो. तीन हिरवे दगड घ्या. पाचूचा हिरवा रंग येतो क्रोमियम किंवा व्हॅनेडियमच्या अगदी थोड्या अंशामुळे. ते अंश काढले तर पाचूचं खनिज रंगहीन उरतं. हिस्लोपाइटचा हिरवा आतल्या परक्या खनिजाचा. पेरिडॉटचा हिरवा मात्र त्याच्या स्वतःच्या घडणीतला. त्यात मॅग्नेशियमच्या दर दहा जागांपैकी साधारण एक जागा लोखंडाने घेतलेली असते, आणि तेच लोखंड रंग देतं. लोखंड वाढलं की रंग तपकिरीकडे झुकतो. म्हणून पेरिडॉट निळा, लाल, गुलाबी असा मिळत नाही. तो फक्त हिरव्याच्या छटांमध्ये मिळतो.

लोखंड पांढऱ्या उजेडातला तांबडा आणि निळा-जांभळा भाग शोषतं, मधला पिवळट हिरवा सोडून देतं. आणि माणसाचा डोळा भर उजेडात नेमका याच पिवळट हिरव्याला सर्वांत जास्त दाद देतो. म्हणजे पेरिडॉट आपल्याकडे तोच उजेड पाठवतो, जो आपल्याला सर्वांत सहज दिसतो. पहिल्या पावसानंतर महाराजबागेतली कोवळी पालवी पाहून डोळे निवतात ना, तसाच हा प्रकार. दिव्याच्या पिवळ्या उजेडातही हा रंग मरत नाही. म्हणून पाश्चात्त्य जवाहिऱ्यांनी याला ‘संध्याकाळचा पाचू’ म्हटलं. नाव छान आहे, पण सगळा घोटाळा याच नावात आहे.

आता पैलूंचं पाहू. खडा चमकतो तो पैलूंच्या हिशोबामुळे. वरून आत शिरलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून परत वर आला पाहिजे. पेरिडॉटमध्ये उजेड हवेपेक्षा साधारण १.६५ ते १.६९ पट हळू चालतो. या आकड्यावरून कोन निघतो: तळाचे पैलू आडव्या रेषेशी साधारण ३७ अंशांहून जास्त उतरते हवेत. वजन राखायच्या लोभाने कारागिराने खडा उथळ ठेवला, तर उजेड खालून गळून जातो आणि मधोमध फिकट ‘खिडकी’ पडते. पाहायची युक्ती सोपी आहे. सुटा खडा छापील कागदावर ठेवा. मधून अक्षरं वाचता आली तर काप उथळ आहे. चांगल्या कापाच्या खड्यात अक्षरं दिसत नाहीत, नुसते हिरवे ठिणगीचे तुकडे नाचतात.

आणि सर्वांत भारी गोष्ट. पेरिडॉटमध्ये शिरलेल्या उजेडाच्या एका किरणाचे दोन होतात, आणि दोघांची चाल वेगळी असते. त्यांच्यातला फरक सुमारे ०.०३६. आकडा लहान वाटतो, पण दहापट मोठं दाखवणाऱ्या साध्या भिंगातून वरच्या सपाट पैलूमधून तळाकडे पाहिलं की मागच्या पैलूंची प्रत्येक धार जोडीने दिसते. एका रेषेच्या दोन रेषा. खडा थोडा फिरवून वेगवेगळ्या बाजूंनी पाहायचा, कारण काही दिशांना हे दुहेरीपण लपतं. पाचूमध्ये हा फरक जेमतेम ०.००६, भिंगातून सहसा कळतही नाही. काचेत तर शून्यच. या दुहेरी धारांमुळेच पेरिडॉटच्या आत एक मऊ, मखमली भरलेपणा दिसतो. कधीकधी आत कमळाच्या पानासारखी गोल चकती आणि तिच्या मध्यभागी काळा कण असतो. ती खोट नव्हे, ती त्याची जन्मखूण आहे.

आता हा खडा शतकानुशतकं पाचू म्हणून कसा खपला ते बघा. तांबड्या समुद्रात इजिप्तजवळ जबरगड नावाचं ओसाड बेट आहे. प्राचीन काळापासून पेरिडॉट तिथून निघायचा. तिथले खडे युरोपात गेले. जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये बाराव्या शतकाच्या अखेरीस बनू लागलेली तीन राजांची सोन्याची पेटी आहे. तिच्यावरचे मोठे हिरवे खडे कित्येक शतकं पाचूच समजले जात. पुढे कळलं, ते पेरिडॉट आहेत. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातलं सोन्याने मढवलेलं सिंहासन साडेनऊशेच्या आसपास पेरिडॉटांनी जडवलेलं आहे.

यात फसवण्याचा हेतू नव्हता. मोजायची साधनंच नव्हती. हिरवा, पारदर्शक, मौल्यवान, म्हणजे पाचू, एवढंच ज्ञान. गंमत अशी, की साक्षीदार खड्याच्या आतच बसला होता. दुहेरी धारा तेव्हाही तशाच दिसत होत्या, फक्त त्यांचा अर्थ कळायचा होता. १६६९ मध्ये डेन्मार्कच्या बार्थोलिन यांनी पारदर्शक कॅल्साइटमधून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात हे छापून सांगितलं आणि दुहेरी वक्रीभवनाचा अभ्यास सुरू झाला. हो, तेच कॅल्साइट, आपल्या टाकळीच्या हिस्लोपाइटचं मूळ खनिज.

आज मात्र साधनं नव्हती ही सबब चालत नाही. म्हणून आता इतवारीकडे येऊ.

आमच्या नात्यातल्या एका मावशींना कुणीतरी बुधासाठी पन्ना घालायला सांगितलं. सव्वापाच रत्ती, सोन्यात. त्यांनी एका दुकानातून अंगठी घेतली, पैसे पन्न्याचे मोजले. बिलावर सोन्याचं वजन, घडणावळ आणि पुढे नुसतं ‘स्टोन’. मी भिंगातून पाहिलं तर सगळ्या धारा जोडीने. मग खडा प्रयोगशाळेत पाठवला. अहवालात आलं: पेरिडॉट. पेरिडॉट काही वाईट खडा नव्हे, पण त्याची किंमत चांगल्या पाचूच्या कितीतरी खाली असते. मावशी तक्रार करायला तयार झाल्या नाहीत. म्हणाल्या, “जाऊ दे रे, इतक्या वर्षांचा घरोबा आहे. आता त्यांच्या तोंडावर काय बोलू?”

मंडळी, ही ‘जाऊ दे’ची किंमत कोण भरतं? पेन्शनीतून अंगठी घेणारी बाई भरते. आणि जो सराफ प्रामाणिकपणे “हा पेरिडॉट आहे, पन्ना नाही” असं सांगून कमी भाव घेतो, तोही भरतो, कारण गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. इतवारीत पिढ्यान् पिढ्या चोख व्यवहार करणारे सराफ आहेत, म्हणून तर हे लिहितोय.

बऱ्याच जणांचा समज असतो, हॉलमार्क आहे ना, मग झालं. नाही! हॉलमार्क धातूचा असतो, खड्याचा नाही. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला, १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय ते विकता येत नाहीत. त्यातून सोनं किती कसाचं हे कळतं. कोंदणातला हिरवा खडा पाचू आहे, पेरिडॉट आहे की बाटलीची काच, याबद्दल तो शिक्का एक शब्द बोलत नाही.

तेव्हा खडा घेताना एवढं करा.

एक, बिलावर खड्याचं नाव लिहून मागा. ‘स्टोन’, ‘ग्रीन स्टोन’, ‘उपरत्न’ नको. पाचू तर पाचू, पेरिडॉट तर पेरिडॉट. नैसर्गिक की कृत्रिम तेही.

दोन, खड्याचं वजन कॅरटमध्ये वेगळं लिहून घ्या. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. रत्तीचं माप दुकानागणिक हलतं. खड्याचं वजन सोन्याच्या भावात मोजलं जात नाही ना, तेही बघा.

तीन, भिंग मागा आणि स्वतः पाहा. पाचू म्हणून दाखवलेल्या खड्यात धारा ठळक जोडीने दिसल्या, तर तो पाचू नाही. उलटं मात्र खरं धरू नका. धारा एकेरी दिसल्या म्हणून तो पाचूच ठरत नाही, काचही एकेरीच दाखवते आणि कारखान्यात बनवलेला पाचूही. म्हणून रक्कम मोठी असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल घ्याच.

चार, फसवणूक झाली तर गप्प बसू नका. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे तुमची बाजू मांडेल तो बिलावरचा शब्द. तोच नसेल तर भांडायचं कशावर?

ग्रहांवर विश्वास ठेवायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. श्रद्धा तुमची, पण बिल बरोबर हवं.

आणि पेरिडॉट आवडला तर खुशाल पेरिडॉट म्हणूनच घ्या. कमी पैशांत एवढा जिवंत रंग देणारे खडे थोडे आहेत. फक्त जपा. त्याचा कठीणपणा साडेसहा ते सात, म्हणजे पाचूपेक्षा कमी, धुळीतल्या वाळूनेही झिलई उतरते. आम्ल त्याला मानवत नाही. अंगठीचं डागकाम करायचं असेल तर आधी खडा काढायला सांगा, एकदम तापला की तडकतो. धुवायचा तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश.

शेवटचं. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय आपल्या नागपुरात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर. १८६३ पासून उभं असलेलं अजब बंगला संग्रहालय आपलं. त्याच १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात हिस्लॉप वाहून गेले, वय अवघं ४५. देशाला दगडांची ओळख करून देणाऱ्या या शहरात बिलावर ‘स्टोन’ एवढंच लिहून भागतं, हे मला पटत नाही. शाळांनी मुलांना एकदा तरी बर्डीच्या काळ्या दगडापासून हिस्लोपाइटपर्यंत हिंडवावं, हातात भिंग द्यावं. भिंगातून पाहिलेलं पोर मोठेपणी सहजी फसणार नाही.

घरातल्या हिरव्या अंगठ्या काढा, बिलं काढा, बिलावर काय लिहिलंय ते वाचा. आणि खाली सांगा: तुमच्या बिलावर खड्याचं नाव आहे का? दुकानाचं नाव नको, फक्त हो की नाही एवढं लिहा.